तळाचा चहा

आमच्या सासूबाईंना विम्याची अख्खी कचेरी कडकमावशी म्हणते. हे नाव चहामुळे पडलं असं त्या सांगतात. ज्याला खरं कारण हवं असेल त्याने त्यांच्यासमोर उभं राहून एकदाच म्हणावं, "मावशी, आज चहा जरा पातळ वाटतो."

कचेरीच्या जिन्याखाली त्यांची जागा आहे. उभं राहिलं तर जिन्याची पायरी डोक्याला लागते, म्हणून त्या दिवसभर स्टुलावर बसून काम करतात. समोर दोन तोंडांची शेगडी, बाजूला ग्लास विसळायची बादली, खिळ्याला गाळणं. वरून कोण उतरतंय ते त्यांना चपलांच्या आवाजावरून कळतं आणि माणूस शेवटच्या पायरीवर येईपर्यंत त्याचा ग्लास भरलेला असतो. साहेबाला गोड, शिपायाला आल्याचा, नव्याने लागलेल्या पोरींना बिनसाखरेचा. कुणाला काय हवं ते पुन्हा विचारलेलं मी ऐकलं नाही.

त्यांचं पातेलं दिवसभर रिकामं होत नाही, ही त्यांच्या चहाची खरी गोम. सकाळी आधण ठेवलं की संध्याकाळपर्यंत त्यातच पाणी, त्यातच दूध, त्यातच नवी पावडर. आधीचा चोथा तसाच. चोथा टाकला की चव गेली, असं त्यांचं म्हणणं. दिवस कलेपर्यंत तळाशी जे उरतं ते इतकं दाट असतं की गाळण्यातून सुद्धा कुरकुरत उतरतं. ते त्या विकत नाहीत. "वरचा गिऱ्हाइकाला, तळाचा घरच्या माणसाला." तो तळाचा चहा थर्मासात भरून त्या घरी आणतात, बाबांसाठी. बाबा म्हणजे माझे सासरे. मी नवी नवरी असताना मलाही पहिल्याच संध्याकाळी मान म्हणून तो मिळाला होता. त्यानंतर मी चहा सोडल्याचं जाहीर केलं, आणि ते आजतागायत पाळते.

याच तळाच्या चहाने बाबांचा जीव जायची वेळ आणली होती. प्यायला देणाऱ्या हातात प्रेमाशिवाय दुसरं काही नव्हतं, म्हणून तर तो प्रकार आठवला की मला अजून संताप येतो.

बाबा टपाल वाटायचे. हयात पायी गेली, अंगावर मांस कधी चढलंच नाही. निवृत्त झाले, खिडकीशी बसले आणि बसल्या बसल्या सुटले. मग हृदयाने कुरकुर सुरू केली, पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी अंगातलं पाणी काढायची एक गोळी दिली, हृदयाची एक दिली, आणखीही दिल्या आणि वर सांगितलं, वजन उतरवा. बाबांनी गोळ्या मुकाट्याने घेतल्या. वजनाचं मात्र त्यांनी ऐकलं न ऐकलं केलं. उशीच्या खोळीत बिस्किटाचा पुडा लपवायचे. मी चादरी बदलायला गेले की उशी छातीशी धरून म्हणायचे, "ही राहू दे, सूनबाई, अजून स्वच्छ आहे."

आई, म्हणजे सासूबाई, चिडायच्या, रडायच्या, पण बाबा दाद देत नव्हते. एकदा त्या कसलंसं चूर्ण आणते म्हणाल्या तर बाबा म्हणाले, "आता आणखी एक औषध या घरात आलं तर मी ते खिडकीतून टाकीन, आणि मागोमाग मी."

त्याच सुमारास कचेरीत हिशेबाच्या मॅडमनी हिरवा खोका आणला. आत दोऱ्याच्या पुड्या, पुडीत वाळका पाला. खोक्यावर एक बारीक कंबर छापलेली आणि खाली ओळ: संपूर्ण वनस्पतिजन्य, कोणताही अपाय नाही. मॅडमनी पुडी आईंच्या हातात देऊन सांगितलं, "मावशी, हिला गरम पाण्यात थोडा वेळ भिजवून द्या."

"भिजवायला तो काय कपडा आहे?" आई म्हणाल्या आणि शेगडीच्या दुसऱ्या तोंडावर एक छोटं पातेलं चढवलं. चहाची जात म्हटली की ती खळखळून उकळलीच पाहिजे. आणि आईंचं पातेलं म्हटलं की त्यातलं काही बाहेर काढायचं नाही. मॅडमचं बघून आणखी चारपाच जणींनी पुड्या आणून दिल्या. सकाळची पुडी तशीच, दुपारची तिच्यावर, वरून पाणी. मॅडमचे कपडे महिन्याभरात सैल झाले. दुसऱ्या मजल्यावर बायकांच्या स्वच्छतागृहासमोर रांगही लागायला लागली, पण त्या रांगेलाच सगळ्याजणी गुण आला म्हणत होत्या.

मी एकदा आईंचा डबा द्यायला गेले होते तेव्हा त्या छोट्या पातेल्यावर वाकून बघितलं. ओल्या पालापाचोळ्याचा, जरा कुजकट असा वास होता. "हे पितात?" मी विचारलं.

"मॅडमकडे बघ, आणि मग नाक मुरड," आई म्हणाल्या.

त्यांच्या डोक्यात काय शिजत होतं ते मला पुढे कळलं. त्यांनी स्वतःसाठी एक हिरवा खोका आणला आणि संध्याकाळी दोन्ही पातेल्यांचे तळ एकाच थर्मासात ओतायला लागल्या. बाबांना ताकास तूर लागू दिली नाही. त्यांच्या मते हे औषध नव्हतंच. पाला होता. आणि पाल्याने कुणाचं वाईट झालंय?

बाबा उतरायला लागले. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं तेव्हा ते आईंनी स्वतः खिळा तापवून पाडलं, आणि त्या दिवशी त्या गुणगुणत होत्या. मी त्यांना कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मलाही बरं वाटलं. उशीतला पुडा तसाच पडून होता, म्हणजे बाबांनी मनावर घेतलं असं मी समजले.

पण बिस्किटं सुटली होती ती तोंडाची चव गेली म्हणून. पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. न्हाणीघरात सारख्या फेऱ्या व्हायच्या, पण पाणी काढायची गोळी चालू होती, त्यामुळे आम्ही तिकडे कानाडोळा केला. एके दिवशी म्हणाले, "दिव्याभोवती पिवळं पिवळं दिसतंय गं." आई म्हणाल्या, "वजन उतरताना थोडा अशक्तपणा येतोच." हे मॅडमचं वाक्य होतं. पुढच्याच आठवड्यात बाबा बुटाची नाडी बांधायला वाकले ते परत वर आलेच नाहीत. तिथेच, दारात, कुशीवर पडले.

दवाखान्यात त्यांना तारा लावल्या. डोक्याशी एक पडदा होता आणि त्यावर त्यांच्या हृदयाची रेघ धावत होती. रेघ कशी असावी ते मला कळत नव्हतं, पण ही तशी नव्हती एवढं कुणालाही कळलं असतं. धावायची, अडखळायची, लांबपर्यंत सपाट राहायची आणि मग दचकून उठायची.

डॉक्टरीण तरुण होती, बोलायला फटकळ. मला ती तिथेच आवडली. तिने सांगितलं की रक्तातला पोटॅशियम नावाचा क्षार फार खाली गेलाय. तो खाली गेला की रोजची हृदयाची गोळीच अंगावर उलटते. "आम्ही क्षार भरतोय. दुसरं काही औषध चालू आहे का?"

"नाही," आई म्हणाल्या.

बाबांनी डोळे मिटूनच मान हलवली, नाही.

"जुलाब होतात?"

"छे," बाबा म्हणाले.

मी न्हाणीघराच्या फेऱ्या सांगितल्या. डॉक्टरीण म्हणाली, त्या पाण्याच्या गोळीच्या असतील, ती आणि हृदयाची, दोन्ही आता बंद केल्यात. माझा नवरा गाडी घेऊन परगावी गेलेला होता. त्याला मी फोनवर सांगितलं की बाबांना लवकरच बरं वाटेल.

तसं ते वाटायला हवं होतं. पण बाटल्यांमागून बाटल्या गेल्या आणि क्षार थोडा चढायचा की पुन्हा उतरायचा. डॉक्टरीण रोज रक्त नेत होती आणि कपाळाला आठी घालून परत येत होती. "भरतोय ते जातंय कुठे?" असं ती स्वतःशीच बोलली ते मी ऐकलं.

आई दिवसा कचेरीत जात होत्या. "इथे बसून पडद्याकडे बघत राहिले तर मीच पडेन," म्हणाल्या, आणि मला ते पटलं. संध्याकाळी थर्मास घेऊन यायच्या. दवाखान्याचा चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. एक कप चालेल असं डॉक्टरीण म्हणाली होती. चहा म्हणजे तिच्या लेखी चहा. आई बाबांना उशीला टेकवून बसवायच्या आणि कप ओठांशी धरायच्या. बाबांना घोट गिळवत नसे, तरी ते कप संपवायचे. अन्नाला तोंड लावत नसत, पण चहा टाकला नाही.

त्या दिवशी डॉक्टरीण संध्याकाळी पुन्हा आली. क्षार काल होता त्याहून खाली आला होता. ती म्हणाली, "आता मी आणखी थांबणार नाही. मोठ्या दवाखान्यात हलवू, तिथे ठोके चालू ठेवायला हृदयात तात्पुरती तार घालतील. वाटेत काही होणार नाही असं मात्र मी सांगू शकत नाही." दवाखान्याची गाडी बोलावली होती. आई नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं, थर्मास खुर्चीवर ठेवला आणि कप धुवायला नळाशी गेल्या. धुतलेलाच कप होता तो.

सकाळपासून पोटात काही नव्हतं. चहा सोडल्याचा नेम गेला खड्ड्यात म्हणून मी थर्मासचं टोपण काढलं आणि त्यातच ओतला. ओठांशी नेणार तेवढ्यात बाबांनी माझं मनगट धरलं. इतक्या दिवसांत ज्या हाताला कप पेलत नव्हता त्या हाताने धरलं.

"तू नको पिऊ, पोरी."

"एक घोट, बाबा. तुमचा संपवत नाही."

"नको म्हणतो ना."

तेव्हा मला वास आला. ओल्या पालापाचोळ्याचा. मी टोपण नाकाशी धरलं, मग बाबांकडे बघितलं, आणि बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. पडद्यावरची रेघ अडखळली आणि सपाट झाली. पुन्हा उठली तेव्हा मी खोलीबाहेर पडले होते.

आई नळाशीच होत्या. मी टोपण त्यांच्यासमोर धरलं. "यात काय आहे?"

त्या कपावरून पाणी सोडतच राहिल्या.

"आई, ते छोट्या पातेल्यातलं आहे ना? बाबांना किती दिवस देताय?"

"पाला आहे तो," त्या म्हणाल्या. "औषध असतं तर मी सांगितलं नसतं का? नुसता पाला. कचेरीतल्या सगळ्या पितात, कुणाला काही झालं नाही."

"डॉक्टरणीला सांगा."

"काय सांगू? माझ्या हातानं पाजलं असं सांगू?" आवाज चिरकला त्यांचा. "उद्या कचेरीत कळलं तर माझ्या हातचं पाणी तरी पिईल का कुणी? आणि यांना काय वाटेल? चाळीस वर्षांत यांच्यापासून मी काही लपवलं नाही, हे एक लपवलं."

मला त्यांची दया आली असती, पण त्या घटकेला आली नाही. गाडीचा भोंगा खाली वाजला होता. मी म्हटलं, "तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. पण मला सगळं माहीत नाही आणि तुम्हाला माहीत आहे, म्हणून तुम्हीच सांगितलेलं बरं."

त्यांनी नळ बंद केला. पदराला हात पुसले, पिशवीतून हिरवा खोका काढला आणि डॉक्टरणीच्या खोलीत शिरल्या. दार लोटायचं भान त्यांना राहिलं नाही, म्हणून मी उंबऱ्यातूनच ऐकलं.

डॉक्टरणीने खोका उलटापालटा करून बारीक अक्षरं वाचली. "सोनामुखी आहे यात. जुलाबाची आहे ही, मावशी. रोज किती पुड्या?"

"एका कपाला एकच असते."

"आणि यांना दिवसाला एक कप?"

"एकच. पण यांचा तळाचा." आणि मग त्या सांगायला लागल्या, जसं एखाद्या नव्या पोरीला चहा शिकवावा तसं. सकाळी पहिली पुडी टाकते, ती काढत नाही. मग मॅडमची, मग टंकलेखनवाल्या बाईंची, मग वरच्या दोघींची, मग माझी. वरून पाणी. उकळते. वरचं गाळून त्यांना देते आणि तळाशी जे राहतं ते दाट असतं, ते घरच्या माणसाला... त्या बोटांवर पुड्या मोजत होत्या. मोजता मोजता बोटं थांबली. तोंड उघडंच राहिलं. कचेरीतल्या बायका इतके दिवस वरवरचं पातळ पाणी पीत होत्या, आणि सगळ्यांचा अर्क रोज एका माणसाच्या पोटात जात होता. जो सर्वांत आजारी, त्याच्या. आणि तो माणूस त्यांचा होता, म्हणूनच.

डॉक्टरीण ओरडेल असं मला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "या पाल्याने अंगातलं पाणी आणि क्षार जातात. काटा उतरतो, चरबी जिथल्या तिथे असते. पुड्या बंद केल्या की पाण्याबरोबर वजन परत येतं. धडधाकट माणूस बद्धकोष्ठाला दोनचार दिवस घेईल तर सोसेल. पण पाण्याची गोळी आणि हृदयाची गोळी घेणाऱ्याला हे म्हणजे विषच." मग तिने फोन उचलून मोठ्या दवाखान्याशी बोलून घेतलं आणि गाडी दारातच थांबवून ठेवली, परत पाठवली नाही. बाबांना हलवलं नाही, पण हलवायची तयारीही मोडली नाही.

नंतरचा वेळ कसा गेला ते मला सांगता येणार नाही. थर्मास मी मोरीत ओतला. आई खोलीबाहेरच्या बाकावर बसल्या, आत गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी क्षार चढला आणि चढलेला टिकला. रेघ हळूहळू एका चालीने धावायला लागली. माझा नवरा पोचला तोपर्यंत बाबांनी खायला मागितलं होतं. तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला.

आई औषधं आणायला गेल्याचं बघून मी बाबांना धरलं. "तुम्हाला माहीत होतं."

"पहिल्याच घोटाला कळलं," ते म्हणाले. "जन्मभर तिच्या हातचा चहा पितोय. त्यात काही वेगळं पडलं तर मला कळणार नाही?"

"मग विचारलं का नाही?"

"मला वाटलं, ती चोरून का होईना पण मी जगावं म्हणून काहीतरी घालतेय. त्यात विचारायचं काय?"

"आणि डॉक्टरणीने विचारलं तेव्हा?"

त्यांनी उशी सारखी केली. मग म्हणाले, "तेव्हा जरा शंका आली होती. पण ती समोर उभी होती. तिच्यासमोर कसं सांगणार होतो, की तुझ्या हातच्या चहाने झालंय?"

"म्हणजे मरायचं, पण बोलायचं नाही," मी म्हटलं. मी सासऱ्यांशी अशी कधी बोलले नव्हते. एकीने प्रेमापोटी लपवलं, दुसऱ्याने प्रेमापोटी विचारलं नाही, आणि दोघांच्या प्रेमात माणूस जाता जाता राहिला. अति तेथे माती म्हणतात ते काही उगाच नाही. वळून बघितलं तर आई औषधांची पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. किती ऐकलं ते मी विचारलं नाही. चेहऱ्यावरून सगळंच ऐकलेलं दिसत होतं.

कचेरीत कळलंच, कारण आईंनीच सांगितलं. छोटं पातेलं त्यांनी सगळ्यांसमोर मोरीत पालथं केलं आणि ज्यांच्या पुड्या होत्या त्यांना परत दिल्या. हिशेबाच्या मॅडम रागावल्या. "तुम्ही उकळलंत, मावशी. पुडीत काय दोष?"

"माझी चूक मी डॉक्टरणीपुढे कबूल केली," आई म्हणाल्या. "पण तुमच्या खोक्यावर अपाय नाही असं छापलंय. हृदयाच्या माणसाला देऊ नका, हे कुठे छापलंय ते दाखवा." मॅडमनी खोका फिरवून फिरवून बघितला. चारदोन दिवस त्या घरूनच पाल्याच्या पाण्याची बाटली आणत होत्या, मग तीही बंद झाली. त्यांचे कपडे आता पुन्हा पूर्वीसारखे बसतात, आणि स्वच्छतागृहासमोर कुणी उभं दिसत नाही. काही जणांनी मात्र आईंकडचा चहा सोडला तो सोडलाच.

मोठं पातेलं त्या आता दर खेपेला धुतात. चहा पहिल्यासारखा कडक होत नाही. थर्मास घरी येत नाही. संध्याकाळी आमच्याच ओट्यावर कपभर चहा ताजा होतो, आणि बाबा तो हातात घेऊन रोज मोठ्याने विचारतात, "यात काय आहे?"

पहिल्यांदा मला ते टोमणा मारल्यासारखं वाटलं. आईंची मान खाली जायची, आणि मला बाबांचा राग यायचा. मी तसं बोलूनही दाखवलं. बाबा म्हणाले, "सूनबाई, मी तेव्हा एकदा विचारलं असतं ना, तर तिने सांगितलं असतं. ती मला खोटं नसती बोलली."

आई मान खाली घालूनच सांगायच्या, "पाणी, दूध, पावडर. साखर नाही." मग बाबा प्यायचे.

परवा बाबा खिडकीतून खाली कुणाला तरी बघत होते. त्याच नादात त्यांनी कप घेतला आणि तसाच ओठांशी नेला. आईंनी हात पुढे करून कपावर तळवा ठेवला. चहा गरम होता, तरी त्यांनी हात काढला नाही.

"आधी विचारा," त्या म्हणाल्या.

बाबांनी कप खाली घेतला आणि विचारलं. आईंनी एकेक करून सांगितलं, आणि या वेळी मान वर होती.